हशा उतरेपर्यंत

“हसले का गं?” आठल्यांनी मला विचारलं.

आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात मागच्या दोन रांगांनी माना वर केल्या. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मग खांद्यावरचा पदर सावरला. आमच्यात पदर सावरला म्हणजे ‘हशा आला, हशा उतरला, आता पुढे चला’. आठल्ये समाधानानं खुर्चीत मागे टेकले.

कोणीही हसलं नव्हतं. पुण्यातलं ते थिएटर सकाळच्या त्या खेळाला निमंत्रितांनी भरलेलं होतं आणि अर्धा तास झाला तरी एक माणूस धड हसला नव्हता. एक जण शिंकला, तेवढीच काय ती हालचाल. पडद्यावर आमचा ‘वरमाय हरवली आहे’ चालू होता. विनोदी चित्रपट. पोस्टरवर तसं छापलंच होतं, म्हणून विनोदी म्हणायचं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, शालनताई, सोडून द्या. का म्हणून सोडून देऊ?

रघुवीर आठल्ये हे नाव आजच्या मुलांना माहीत नसेल, पण एके काळी नाटकाच्या जाहिरातीत ते नाव सगळ्यात वर असायचं. मी त्यांची रंगमंचावरची बायको. तीन नाटकांत मी त्यांच्याशी भांडले, माहेरी गेले आणि परत आले. गावोगावचे दौरे केले, एकाच डब्यातलं पिठलं खाल्लं. हा माणूस दाराची कडी लावता लावता प्रेक्षकांना प्रेक्षागृह डोक्यावर घ्यायला लावायचा. त्यात जादू नव्हती. हशा चढू द्यायचा, पूर्ण चढू द्यायचा, आणि तो उतरायला लागला की नेमक्या त्या क्षणी पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर वाक्य हशात बुडतं, उशिरा टाकलं तर खेळ थंड पडतो. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण एवढंच आहे आणि ते कानात असतं.

एकदा साताऱ्याच्या प्रयोगाला आठल्यांनी हशावर वाक्य टाकलं. मला वाटलं, दमले असतील. पुढच्या प्रवेशात पुन्हा टाकलं. मध्यंतरात मी त्यांना मेकअपच्या खोलीत गाठलं तर आरशात बघत म्हणाले, “शालन, मला हशा ऐकू येत नाहीये. हशा आणि डोक्यावरचा पंखा, दोन्ही सारखेच लागतात.”

त्या दिवशी दुसऱ्या अंकापासून मी पदर सावरायला लागले. हशा उतरला की माझा हात खांद्यावर जायचा आणि आठल्ये वाक्य टाकायचे. बाकी नटांचे संवाद त्यांना पाठच होते, ओठ बघून ते उत्तर द्यायचे. आमची ही सोय दोन वर्षं कोणाच्याही लक्षात आली नाही. एका समीक्षकानं तर लिहिलं होतं की शालन केळुसकर भूमिकेत शिरताना पदराचा फार छान वापर करतात!

कानाचं यंत्र त्यांनी घेतलं होतं, पण ते खिशात असायचं. “यंत्र लावलेल्या माणसाला लोक हसत नाहीत गं,” ते म्हणायचे, “त्याची कीव करतात. कीव आली की विनोद मेला.” पुढे रंगमंचावर लांबून ओठ बघणंही जमेना तेव्हा त्यांनी नाटक सोडलं. जगाला कारण सांगितलं गुडघ्यांचं. खरं काय ते त्यांची बायको कुमुदवहिनी आणि मी, दोघींनाच माहीत होतं.

अशात ईशान आला. तिशीचा असेल. परदेशात सिनेमा शिकून आला होता, मित्रांनी मिळून चित्रपट काढायचा ठरवला होता. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाची आईच मंगल कार्यालयातून गायब होते, अशी गोष्ट. आठल्ये नवऱ्या मुलाचे वडील, मी मुलीची आई. बाकीची मंडळीही निवडून घेतली होती, एकेक जण नाटकात मुरलेला. कागदावरची गोष्ट वाचून मी स्वतः हसले होते, हे कबूल करते.

आठल्ये तर हरखले. “सिनेमात प्रेक्षकच नाहीत समोर,” ते म्हणाले, “म्हणजे हशा ऐकायची भानगडच नाही! आणि बघ, नाटक पडदा पडला की संपतं. माझं काय उरलंय? दोन-चार फोटो. हे राहील. मी गेल्यावर कोणाला वाटलं की हा माणूस काय करायचा ते बघू, तर बघता येईल.”

त्यासाठी त्यांनी संवाद पाठ केले. स्वतःचेच नाही, सगळ्यांचे. कुमुदवहिनी समोर बसून बाकीच्यांचे संवाद म्हणायच्या आणि हे त्यांच्या ओठांकडे बघत उत्तरं द्यायचे. महिनाभर त्यांच्या घरात दुसरं काही बोललंच गेलं नाही.

वाईजवळच्या मंगल कार्यालयात चित्रीकरण सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी ईशाननं टाळ्या वाजवून सगळ्यांना बोलावलं. “मंडळी, आज आपण स्क्रिप्ट बाजूला ठेवू या. संवाद विसरा. प्रसंग मी सांगतो, तुम्हाला येईल ते बोला. मला सगळं नॅचरल हवंय.”

आठल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ईशानला बाजूला घेतलं.

“अरे, लिहिलेलं चांगलं आहे. तेच करू दे ना आम्हाला.”

“ताई, लिहिलेलं फार विनोदी होतंय,” तो म्हणाला.

“मग विनोदी चित्रपटात काय होणार?”

“मला हशा नकोय, ताई. हशा स्वस्त असतो. मला प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर एक अवघडलेलं हसू हवंय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हशा स्वस्त! ज्या माणसानं आयुष्यात एकाही अनोळखी माणसाला हसवलेलं नाही, तो मला हशाचा भाव सांगत होता.

त्याला आठल्यांचं लक्षातही आलं होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं मला विचारलं, “काकांना ऐकू कमी येतं का?”

“तू संवाद ठरलेले ठेव,” मी म्हणाले, “बाकी काही विचारू नकोस. आणि कुठे बोलू नकोस.”

“कळलं ताई. अजिबात काळजी करू नका.” त्यानं माझा हात हातात घेऊन सांगितलं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

संवाद काही ठरलेले राहिले नाहीत. सगळे एकमेकांच्या तोंडावर बोलायचे, पाठमोरे बोलायचे, आणि मधोमध आठल्ये शेरवानी घालून उभे. मी जमेल तेवढं त्यांच्यासमोर यायचे, प्रश्न पुन्हा विचारायचे, हावभावात सांगायचे. तर ईशान कट म्हणायचा. “ताई, तुम्ही फ्रेममध्ये येताय. आणि तुम्ही सगळे बोलून झाल्यावर थांबता का हो?”

थांबत होतो. सगळेच थांबत होतो. जन्मभर वाक्य टाकून हशासाठी थांबायची सवय, ती कुठे जाणार? तिथे आवाज थेट घेत होते, त्यामुळे युनिटला हसायची बंदी. आम्ही वाक्य टाकायचो, थांबायचो, आणि समोर पंधरा-वीस माणसं तोंडं मिटून उभी. असं कधी आमच्या वाट्याला आलं नव्हतं. दोन दिवसांत आमच्यातल्या एकालाही आपण विनोदी नट आहोत यावर भरवसा उरला नाही.

तेच सगळं आता पडद्यावर दिसत होतं. ते थांबणंसुद्धा त्यानं तसंच ठेवलं होतं, आणि त्या रिकाम्या जागांत कुठलंतरी केविलवाणं बासरीचं संगीत भरलं होतं. चांगली चांगली माणसं पडद्यावर उभी राहून एकमेकांकडे बघत होती. माझ्या मागे कोणीतरी मोबाइल उघडला. एक जण उठून बाहेर गेला तो परत आलाच नाही.

खेळ सुरू होण्याआधी आठल्ये मला म्हणाले होते, “पुढच्या रांगेत बसवलंय आपल्याला. सारखं मागे वळून बघणं बरं दिसत नाही. तूच सांग मला, कुठे कुठे हसले ते.”

“कसं सांगू?”

“नेहमीसारखं.”

म्हणून मी पदर सावरत होते. त्यांचा प्रत्येक प्रसंग आला की ते कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचे, मी अंदाजानं थोडा वेळ जाऊ द्यायचे आणि हात खांद्याकडे न्यायचे. तेवढा वेळ त्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतका तो खूश होता. मध्यंतरात म्हणाले, “बायकोची चप्पल सापडते तिथे जरा जास्तच वेळ हसले, नाही? मला वाटलंच होतं, तिथे जागा आहे.”

“हो ना,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आणि मध्यंतरानंतर तो प्रसंग आला.

पाहुणे नवऱ्या मुलाच्या वडिलांना घेरतात आणि विचारतात, तुमची बायको कुठे आहे. लिहिलेला प्रसंग झकास होता आणि आम्ही तो दिवसभर खपून केला होता. पडद्यावर तो नव्हताच. पडद्यावर आठल्ये होते, हातात कागदाचा चहाचा कप, डोळ्यांवर स्वतःचा जाड काड्यांचा चष्मा. नवऱ्या मुलाच्या वडिलांना चष्मा नव्हता. चष्मा आठल्यांचा होता. चित्रीकरण थांबलं की ते घालायचे.

मी पाहतच राहिले. चहाच्या सुट्टीत कॅमेरा चालू ठेवला होता. कोणीतरी त्यांच्या पाठीमागून काहीतरी विचारत होतं. ते डावीकडे वळले. “काय?” मग उजवीकडून दुसऱ्यानं विचारलं, तोंडावर हात धरून. ते तिकडे वळले, चहा सांडला. “मला म्हणालात?” चेहऱ्यावर ते ओशाळं हसू, जे मी मेकअपच्या खोलीत बघितलं होतं. कोणाला कळू नये म्हणून घाबरलेल्या माणसाचं. आणि मग, काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून, मान डोलावून ते म्हणाले, “हो हो. चालेल.”

ईशाननं त्यावर नंतर प्रश्न चिकटवला होता. ‘तुमची बायको पळून गेली का?’ ‘हो हो. चालेल.’

थिएटर फुटलं. इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. लोक खिदळले, टाळ्या वाजल्या. आठल्यांच्या पलीकडे बसलेले जाडजूड वितरक असे गदागदा हसले की जोडखुर्च्यांची आमची अख्खी रांग हलली.

आठल्यांना ते जाणवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात मांडीवर तसाच होता, मूठ आवळलेली. मी त्या पोराला कुठे गाठू आणि काय करू एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खेळ संपल्यावर आम्हाला पडद्यासमोरच्या अरुंद कट्ट्यावर उभं केलं. तोंडावर दिवे, त्यामुळे समोरचं काही दिसेना. ईशानच्या हातात माइक. टाळ्या बेताच्याच झाल्या. मग अंधारातून एका बाईचा आवाज आला, “तो चष्म्याचा प्रसंग अप्रतिम आहे. आठल्येसरांकडून तो कसा काढून घेतलात?”

ईशानचा चेहरा खुलला. तेवढा एकच प्रश्न त्याला हवा तसा आला होता. “त्याची गंमतच आहे,” तो म्हणाला. “खरं सांगू का? काकांना माहीतच नव्हतं. ॲक्चुअली, काकांना ना...”

मी त्याच्या हातातला माइक ओढून घेतला. ओढून म्हणजे ओढूनच. त्याचं बोट मुरगळलं असणार, तो “आई गं” म्हणाला आणि ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

“मी सांगते,” मी म्हणाले. “त्या प्रसंगात दिग्दर्शकाचा काडीचाही संबंध नाही. दिग्दर्शकाला तो प्रसंग करता आला नसता, सात जन्म घेतले असते तरी. तो आठल्यांचा आहे. विचारा त्यांनाच.”

आणि मी माइक आठल्यांच्या हातात दिला. दिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. काय प्रश्न विचारलाय हे त्यांना कळलेलं नव्हतं. समोर दिवे होते, बोलणाऱ्याचे ओठ त्यांना दिसत नव्हते. त्या बाईनं अंधारातून पुन्हा काहीतरी विचारलं.

आठल्ये डावीकडे वळले. “काय?”

सगळे गप्प.

ते उजवीकडे वळले. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, वाकून अंधारात बघितलं. “मला म्हणालात?”

आता हशाची पहिली सळसळ ऐकू आली. त्यांना ती ऐकू येत नव्हती. ते माझ्याकडे बघत होते. मी हात खाली ठेवला. थांबा. हशा चढत गेला, मागच्या रांगांपर्यंत गेला, तिथून परत आला. मी हात खालीच ठेवला. आणि तो उतरायला लागला, अगदी साताऱ्यात, सोलापुरात उतरायचा तसा, तेव्हा मी पदर सावरला.

“हो हो,” आठल्ये म्हणाले. “चालेल.”

मी आयुष्यात फार हशे ऐकलेत. तो मोठ्यांतला होता. ते वितरक पोट धरून खाली वाकले. मी पुन्हा थांबले, पुन्हा पदर सावरला, आणि आठल्यांनी अतिशय गंभीरपणे सांगितलं, “बाकी बायको सापडली नाही तरी गडबड करू नका. मला घाई नाही.”

लोक उभे राहिले. दीड तास दगडासारखे बसलेले लोक! चार-पाच वाक्यं, एक चष्मा आणि मध्ये थांबायची मुभा, एवढंच लागलं होतं. आठल्यांनी माइक ईशानकडे दिला, वाकून नमस्कार केला आणि माझा हात धरून खाली उतरले. आता तो प्रसंग त्यांचा होता. तो अभिनय नव्हता असं त्या दिवशी त्या थिएटरात कोणीच म्हटलं नसतं.

बाहेरच्या व्हरांड्यात ईशाननं आम्हाला गाठलं. बोट चोळत होता. मला वाटलं, माफी मागेल.

“काका,” तो म्हणाला, “हे तुम्ही फिल्ममध्ये का नाही केलंत?”

आठल्यांना ऐकू आलं नाही, हे त्या पोराचं नशीब. मला आलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. थिएटरचा दरवान मध्ये पडला एवढं सांगते. पुढे मुलाखतीत ईशान म्हणाला की मराठी नाटकातले नट थांबत राहतात, त्यामुळे माझा सिनेमा पडला. आता तो कुठेतरी मुलांना विनोद शिकवतो, असं ऐकलं.

आणि तो चष्म्याचा तुकडा अजून फिरतो. सिनेमा कोणी बघितला नाही, तो एका आठवड्यात उतरला, पण तो तुकडा लोकांच्या फोनवर आहे. सणाला, वाढदिवसाला, निवडणुकीला, कशालाही पाठवतात. ‘हो हो चालेल.’ आठल्ये गेले त्या दिवशी बातम्यांतही तोच दाखवला. माझं काय उरलंय म्हणणाऱ्या माणसाचं ते उरलं. चहाच्या सुट्टीत चोरलेलं. स्टेजवर त्यांनी स्वतः केलेलं मात्र कोणीही टिपून ठेवलं नाही, कॅमेरेवाले आधीच जेवायला गेले होते.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो यातल्या कशाचाच नाही.

मुंबईला परतताना गाडीत आम्ही दोघंच मागे बसलो होतो. खंडाळ्यापर्यंत आठल्ये खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी खिशातून यंत्र काढलं, कानाला लावलं, आणि माझ्याकडे वळून बसले. ओठ नीट दिसावेत म्हणून.

“शालन, सकाळपासून सगळ्या हशांना पदर सावरलास.”

“हो.”

“त्या चष्म्याच्या वेळी खुर्ची हलली. तेव्हा तुझा हात हलला नाही.”

मी पदराचं टोक मुठीत धरलं.

“म्हणजे खुर्ची हलते,” ते म्हणाले. “हसले की हलते. आधी एकदाही हलली नव्हती.” ते रागावले नव्हते, फक्त हिशेब जुळवत होते. “चप्पल सापडते तिथेही नाही?”

“तिथेही नाही.”

त्यांनी मान डोलावली. गाडी घाट उतरत होती. आता ते रडतील की काय असं मला वाटलं, पण ते तसे नव्हते.

“आणि नंतर?” त्यांनी विचारलं. “शेवटी, वर उभे होतो तेव्हा? दिव्यांमुळे काही दिसलं नाही मला. तू पदर सावरलास.”

“तो खरा होता!” मी त्यांचा हात घट्ट धरला. “आठल्ये, शपथ घेते. लोक उभे राहिले होते. तुमचा इतका मोठा हशा मी कधी ऐकला नव्हता.”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. एकेक शब्द त्यांना कळला, हे मला दिसलं. मग त्यांनी माझा हात थोपटला, लहान मुलीचा थोपटावा तसा.

“हो हो,” ते म्हणाले. “चालेल.”